ट्रान्सपोर्ट विभागाला संचालक मिळेना

मार्च २०१३. ऑर्लँडोत आयईटीएफची ८६वी बैठक तोंडावर आलेली. दरवर्षी या सुमारास नव्या पदाधिकाऱ्यांची नावं जाहीर होऊन लोक अभिनंदनाला लागलेले असतात. त्या वर्षी मात्र अध्यक्षांना सगळ्या सभासदवर्गासमोर एक अडचण मांडावी लागली. ट्रान्सपोर्ट विभागाच्या, म्हणजे संगणकांमधली माहितीची ने-आण कशी व्हावी ते पाहणाऱ्या विभागाच्या, दोन संचालकांपैकी एकाची मुदत संपत होती आणि त्या जागी बसवायला माणूस सापडला नव्हता. शोध आठवडेच्या आठवडे चालला होता. आता प्रश्न असा होता, की पात्रतेची अट सैल करायची, की खुर्ची रिकामी ठेवायची?

आयईटीएफ म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणारी संस्था. माहिती बिनचूक पोचवणारं टीसीपी, वेबनावांचे पत्ते शोधणारं डीएनएस, ईमेल, वेबची सुरक्षितता, या सगळ्यांचे दस्तऐवज इथे तयार होतात. तिथे सभासदत्व नावाची गोष्ट नाही आणि मतदानही नाही. जो येतो आणि काम करतो तो सभासद, आणि निर्णय ढोबळ सहमतीने. मग पुढारी कोण निवडणार? मतदार यादीच नसेल तर निवडणूक घ्यायची कशी? या प्रश्नाला संस्थेने दिलेलं उत्तर जगावेगळं आहे, आणि २०१३ चा पेच त्या उत्तराच्या पोटातूनच निघाला.

चिठ्ठीने निवडलेले निवडकर्ते

मुळाशी १९९२ ची भानगड आहे. इंटरनेटचे पत्ते संपत चालले होते. त्यावर उपाय म्हणून इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने, म्हणजे आयएबीने, जपानमधल्या कोबे इथल्या बैठकीच्या सुमारास सीएलएनपी हा वेगळा प्रोटोकॉल पायाभूत धरावा असा कल दाखवला. खालच्या अभियंत्यांना हा निर्णय वरून लादल्यासारखा वाटला आणि ते खवळले. त्या उन्हाळ्यातल्या पुढच्याच बैठकीत एमआयटीतले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी राजे, अध्यक्ष आणि मतदान तिन्ही नाकारून ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यांवर विश्वास ठेवणारं ते प्रसिद्ध वाक्य उच्चारलं. वाक्य गाजलं, पण खरं काम नंतर झालं. मानकांना मंजुरी देण्याचा अधिकार आयएबीकडून निघून विभाग संचालकांच्या मंडळाकडे, आयईएसजीकडे गेला. आणि या दोन्ही मंडळांवर कोणी बसायचं हे ठरवण्यासाठी नामनिर्देशन समिती, म्हणजे नॉमकॉम, जन्माला आली.

नॉमकॉममध्ये मत देणारे दहा जण असतात आणि ते चिठ्ठीने निवडले जातात. आयईटीएफच्या क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. २०१३ मध्ये लागू असलेल्या आरएफसी ३७७७ प्रमाणे मागच्या पाचपैकी तीन बैठकांना हजर राहिलेला कोणीही स्वयंसेवक म्हणून नाव देऊ शके. विद्यमान पदाधिकाऱ्यांना मनाई, आणि एकाच कंपनीचे दोनाहून जास्त नाहीत. समितीचा अध्यक्ष इंटरनेट सोसायटी या पालक संस्थेचा प्रमुख नेमतो, पण त्याला मत नाही. सोडतीची रीत आरएफसी ३७९७ मध्ये आहे. स्वयंसेवकांची क्रमांकित यादी आधी जाहीर करायची, लॉटरीचे निकाल किंवा शेअरबाजारातल्या उलाढालीसारखे अजून न घडलेले आकडे कुठले घेणार तेही आधीच सांगून ठेवायचं. आकडे आले की ते एका ठरलेल्या सूत्रात घालायचे. मग कोणीही घरबसल्या गणित करून निकाल पडताळून बघावा.

रीत देखणी आहे. गटबाजीला जागा नाही, कोणत्याही कंपनीला समिती खिशात घालता येत नाही. पण प्रामाणिकपणाची हमी देणारी ही सोडत ज्ञानाची हमी देत नाही. दहा जणांत डीएनएसवाले चार निघतील, सुरक्षावाले तीन निघतील आणि ट्रान्सपोर्टमधलं कळणारा एकही नसेल. त्यांनी ट्रान्सपोर्टचा संचालक निवडायचा.

म्हणून नियमात एक आधार दिलेला आहे. ज्या मंडळात जागा रिकामी होणार, ते मंडळ अपेक्षित कौशल्यांचा सारांश समितीला देतं. समिती तो समोर ठेवते, उमेदवारांकडून प्रश्नावल्या भरून घेते, त्यांच्याबरोबर काम केलेल्यांकडून गोपनीय अभिप्राय गोळा करते, मुलाखती घेते. निवडलेलं नाव मग मंजुरीसाठी जातं. आयईएसजीच्या उमेदवारांना मंजुरी देणारी संस्था आयएबी. म्हणजे कौशल्यांचा तो सारांश दोनदा वाचला जातो. निवडणाऱ्यांकडून एकदा आणि मंजुरी देणाऱ्यांकडून एकदा. कागदावर तो नुसता सारांश. प्रत्यक्षात त्याला चाळणीचं वजन येतं, कारण विषयाबाहेरच्या दहा माणसांच्या हातात धरायला दुसरं काही नसतं.

अट काय होती आणि का होती

ट्रान्सपोर्टच्या जागेसाठी मागितलेल्या गोष्टींत गर्दी-नियंत्रणाचं, म्हणजे कंजेशन कंट्रोलचं ज्ञान ठळकपणे होतं. ही अट उगाच आलेली नव्हती.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या दुव्यावर माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून चारशे यार्डांवर. तारा तुटल्या नव्हत्या, यंत्रं बंद पडली नव्हती. माहितीची पाकिटं वाटेत गळत होती आणि पाठवणारी प्रत्येक संगणकप्रणाली ती पुन्हा पाठवत होती, त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यातून शोधलेले उपाय १९८८ च्या शोधनिबंधात मांडले. पाठवणाऱ्याने जाळ्याची अवस्था ओळखून स्वतःच हात आखडता घ्यायचा, हा त्यांचा गाभा. या शिस्तीवर कोणी पहारा देत नाही. ती प्रत्येक संगणकातल्या कोडमध्ये लिहिलेली असते आणि सगळे ती पाळतात म्हणून इंटरनेट उभं आहे.

एखादा नवा प्रोटोकॉल ही शिस्त मोडत असेल तर प्रयोगशाळेत ते लक्षात येत नाही. तिथे तो उलट वेगवान वाटतो. कोट्यवधी यंत्रांवर गेल्यावर तो इतरांचा वाटा ओरबाडायला लागतो. अशा मसुद्याला मंजुरीच्या टेबलावर अडवू शकणारा शेवटचा माणूस म्हणजे ट्रान्सपोर्टचा संचालक. आयईएसजी दर दोन आठवड्यांनी दूरध्वनी-बैठक घेते आणि तिथे कोणीही संचालक ‘डिस्कस’ अशी नोंद करून दस्तऐवज रोखू शकतो. तो मग आक्षेपाचं निराकरण होईपर्यंत पुढे सरकत नाही. इतर विभागांतून आलेल्या मसुद्यांतसुद्धा गर्दीचा मुद्दा हाच माणूस हेरणार.

आणि २०१३ हा काळ नाजूक होता. ब्राउझरमधून थेट व्हिडिओ-संभाषणाचं काम जोरात चाललं होतं, आणि त्या आवाज-चित्राच्या प्रवाहांना आवर घालण्यासाठी २०१२ मध्ये आरएमकॅट हा कार्यगट स्थापन झाला होता. एकाच वेळी अनेक वाटांनी जाणाऱ्या मल्टिपाथ टीसीपीचा दस्तऐवज, आरएफसी ६८२४, जानेवारी २०१३ मध्ये नुकताच बाहेर पडला होता. घरातल्या राउटरांतल्या, माहिती खोळंबवणाऱ्या फुगलेल्या रांगांबद्दल ओरड चालू होती. गर्दी-नियंत्रणातलं कळणारा माणूस कधी हवा असेल तर तो तेव्हा.

म्हणूनच अट सैल करा म्हणणाऱ्यांकडे अनेकांनी संशयाने पाहिलं. तो संशय मला चुकीचा वाटत नाही. पात्र माणूस मिळत नाही म्हणून पात्रतेची व्याख्याच बदलायची, ही सवय एकदा लागली की थांबत नाही.

माणसं होती, उमेदवार नव्हते

गर्दी-नियंत्रण जाणणारे लोक जगात नव्हते असं थोडंच आहे. विद्यापीठांत होते, मोठ्या कंपन्यांच्या संशोधन विभागांत होते. आयईटीएफच्या बैठकांनाही त्यातले बरेच येत. ते या खुर्चीवर बसायला तयार नव्हते, आणि त्याची कारणं शोधायला फार खोल जावं लागत नाही.

एरिया डायरेक्टरचं, म्हणजे विभाग संचालकाचं, काम म्हणायला स्वयंसेवेचं आहे. आयईटीएफ त्याचे पैसे देत नाही. पण त्या काळात वर्षाला तीनशेच्या आसपास आरएफसी निघत. दर दोन आठवड्यांच्या बैठकीआधी संचालकाने सगळ्या विभागांचे मसुदे वाचून मत नोंदवायचं, शेकडो पानं. शिवाय आपल्या विभागाच्या कार्यगटांवर देखरेख, अध्यक्ष नेमणं, भांडणं सोडवणं, नवा गट सुरू करायचा की नाही ते ठरवणं, वर्षातून तीन बैठकांना आठवडाभर जाणं. अर्धा आठवडा तरी यात जातो, बऱ्याच जणांचा पूर्णच जातो. हे दोन वर्षं. पहिल्या वर्षी माणूस शिकतो, म्हणून त्याने चार वर्षं राहावं अशी अपेक्षा असते.

एवढा वेळ कोण देऊ शकतो? ज्याचा मालक देऊ देतो तो. इथे स्वयंसेवक हा शब्द जरा फसवा आहे. वेळ माणसाचा, पण दान कंपनीचं. कंपनी आपला वरिष्ठ अभियंता दोन वर्षं सोडून द्यायला तयार होते ती त्या विभागात तिचा काही जीव गुंतलेला असेल तर. राउटर बनवणाऱ्यांना राउटिंग विभागात माणूस बसलेला आवडतो, सुरक्षेची उत्पादनं विकणाऱ्यांना सुरक्षा विभागात. गर्दी-नियंत्रण हे सगळ्यांच्या भल्याचं काम, त्यामुळे एकट्या कोणाच्याच धंद्याचं नाही. विद्यापीठातल्या संशोधकाला तर यात शोधनिबंधही सुचायचे नाहीत, कारण तो इतरांचे मसुदे वाचण्यात बुडालेला असणार.

त्यात ट्रान्सपोर्ट विभाग म्हणजे नुसतं टीसीपी नाही. जाळ्यावरून फायली वापरण्याच्या एनएफएस प्रोटोकॉलचं कामही त्याच विभागात होतं. म्हणजे ज्याला गर्दी-नियंत्रण उत्तम येतं त्याला निम्म्या दिवसांत भलतंच काही वाचावं लागणार.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नॉमकॉमचा पोहरा चांगला होता, दोरही मजबूत होता. पण उमेदवार तयार करणं हे नॉमकॉमचं काम नव्हतं आणि तेवढा वेळही तिच्याकडे नव्हता. उन्हाळ्यात समिती बसते आणि मार्चपर्यंत तिने नावं द्यायची असतात. कार्यगटाचा सचिव, मग सहअध्यक्ष, मग एखादा कठीण गट सांभाळलेला अनुभवी अध्यक्ष, अशी शिडी विभागाच्या आतच वर्षानुवर्षं असावी लागते. ट्रान्सपोर्टमध्ये त्या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर फार थोडे लोक उभे होते, आणि जे होते त्यांनी बहुधा मालकाशी बोलून मान हलवली असावी. नॉमकॉमच्या आतल्या चर्चा गोपनीय असतात, त्यामुळे कोणी काय कारण दिलं हे बाहेर येत नाही. ते योग्यच आहे.

गोपनीयतेची दुसरी बाजू मात्र इथे नडली. इच्छुकांची यादी सभासदांना दाखवण्याची मुभा २००९ च्या आरएफसी ५६८० ने दिली होती, पण यादीतली नावं बघून समितीला नेमकं कुठे अडतंय हे कळत नाही. अडचण सगळ्यांसमोर आली तेव्हा बैठक काही दिवसांवर होती. डिसेंबरात हीच गोष्ट मोकळेपणी सांगितली असती, की या जागेला पुरेशी माणसं नाहीत, तर दोन-चार जणांनी आपल्या वरिष्ठांशी पुन्हा बोलून बघितलं असतं. निवड कोणाची चाललीय ते गुप्त ठेवायलाच हवं. निवडायला कोणी नाही, हे गुप्त ठेवण्यात काय साधतं मला कळत नाही.

दोन खुर्च्या, एक यादी

समोर चार रस्ते होते. खुर्ची रिकामी ठेवून एकट्या मार्टिन स्टिमरलिंग यांच्यावर विभाग टाकायचा. ते २०१२ मध्ये आलेले दुसरे संचालक. किंवा ट्रान्सपोर्टचे काही कार्यगट इतर विभागांना वाटून द्यायचे. किंवा शोध लांबवायचा. किंवा अट सैल करून चांगला व्यवस्थापक शोधायचा, ज्याला गर्दी-नियंत्रणातलं कोणाला कळतं एवढं माहीत आहे.

पहिला रस्ता सगळ्यात सोपा दिसतो आणि सगळ्यात वाईट आहे. मुळात लोक या खुर्चीला घाबरतात ते कामाच्या ओझ्यामुळे. एकावर दोघांचं ओझं टाकलं तर पुढच्या वर्षी दोन खुर्च्या रिकाम्या होतील. दुसऱ्या रस्त्याने कागदावरची समस्या नाहीशी होते, पण गर्दीच्या मुद्द्यावर अडवणारा माणूस मंजुरीच्या टेबलावर उरत नाही. शोध लांबवून काय मिळणार होतं, जे आधीच्या आठवड्यांत मिळालं नव्हतं?

राहिला चौथा. त्यावरच्या वादात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटली असं मला वाटतं. कौशल्यांची यादी एका माणसासाठी लिहिलेली होती, पण विभागाला संचालक दोन असतात. दोघांनीही सगळं जाणलं पाहिजे असं धरून चाललं की प्रत्येक वेळी सर्वगुणसंपन्न माणूस शोधावा लागतो. विद्यमान मंडळी आपल्या जागेचं वर्णन लिहायला बसली की हे हमखास होतं. आपण जे जे करतो ते सगळं त्यात येतं, आपल्याला जे येत नव्हतं आणि करता करता शिकलो तेसुद्धा येतं. आज खुर्चीत बसलेल्यांनी ती यादी लावून स्वतःला पारखलं तर किती जण टिकतील? समितीला खरं तर विचारायला हवं की मुदत संपल्यावर जो उरतोय, त्याला काय येतं आणि काय येत नाही. उरलेलं नव्या माणसाकडून हवं.

दुसरं म्हणजे, खुर्चीतल्या माणसाने प्रत्येक समीकरण स्वतः तपासावं अशी गरज नाही. विभागाकडे तज्ज्ञ परीक्षकांचा गट असतो. मसुदा आला की तो त्यांच्याकडे जातो. संचालकाकडे हवी ती एक वेगळीच पात्रता. परीक्षक ओरडतोय तो खऱ्या धोक्याबद्दल की स्वतःच्या आवडीच्या पद्धतीसाठी, हे ओळखणं, आणि धोका खरा असेल तर बाकीच्या सगळ्यांचा रोष पत्करून ‘डिस्कस’वर ठाम राहणं. हे शोधनिबंधांच्या यादीवरून कळत नाही. ज्यांनी त्याच्या हाताखाली कार्यगट चालवलेत, ज्यांचे मसुदे त्याने अडवलेत, त्यांना विचारावं लागतं.

अर्थात यालाही मर्यादा आहे. परीक्षकांचं ऐकणाऱ्यालाही विषयाची भाषा यावी लागते. निव्वळ व्यवस्थापक बसवला तर सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा परीक्षक हाच खरा संचालक होऊन बसतो, आणि त्याची निवड तर कोणीच केलेली नसते.

अखेर ती जागा स्पेन्सर डॉकिन्स यांच्याकडे गेली. गर्दी-नियंत्रणाचे संशोधक अशी त्यांची ओळख नव्हती. पण २००१ मध्ये मंद दुव्यांवर आणि चुका होणाऱ्या दुव्यांवर टीसीपीचं काय होतं, यावरच्या दोन आरएफसींचे ते सहलेखक होते. पुढे त्यांनी आयएबीवर काम केलं होतं, आणि इच्छुकांची यादी उघडी करणारी ती आरएफसी ५६८० लिहिणारेही तेच. विषयाची भाषा येत होती, संस्थेची रीत पाठ होती.

ते २०१९ पर्यंत राहिले. तीन मुदती. मधल्या काळात, २०१६ मध्ये, स्टिमरलिंग यांच्या जागी मिर्या क्युलेविंड आल्या. त्या गर्दी-नियंत्रणातल्याच संशोधक आणि आरएमकॅट गटाच्या सहअध्यक्ष राहिलेल्या. म्हणजे २०१३ मध्ये जी शिडी रिकामी दिसत होती तिच्यावर तीन वर्षांत कोणीतरी चढून आलं. आणि जोडी बनली ती एक तज्ज्ञ आणि एक मुरलेला कारभारी अशी. त्याच वर्षी याच विभागात क्विकचा कार्यगट सुरू झाला. टीसीपीचं बरंचसं काम नव्याने करणारा तो प्रोटोकॉल २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून बाहेर आला. इतकं मोठं आणि इतक्या कंपन्यांचा डोळा असलेलं काम हाती येताना विभागाला दोन्ही प्रकारची माणसं लाभली, यात नशिबाचा भाग किती आणि नियोजनाचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण २०१३ मध्ये खुर्ची रिकामी ठेवली असती किंवा विभाग वाटून टाकला असता तर ही जोडी जमायला जागाच उरली नसती.

ओझ्याचा प्रश्न मात्र माणूस मिळाल्याने सुटला नव्हता. मार्च २०१५ मध्ये आरएफसी ७४७५ निघाली. एका विभागात दोनाहून जास्त संचालक नेमायला कुठलीच आडकाठी नाही, हे तिने स्पष्ट केलं. लेखक पुन्हा डॉकिन्स. त्याच वर्षी ॲप्लिकेशन्स आणि रिअल-टाइम हे दोन विभाग एकत्र आले आणि त्या नव्या विभागाला तीन संचालक मिळाले. पुढे २०२४ मध्ये ट्रान्सपोर्ट विभागाचीही फेररचना होऊन तो वेब आणि इंटरनेट ट्रान्सपोर्ट झाला. चिठ्ठ्यांत नाव घालायची अटही बदलली. महासाथीत प्रत्यक्ष बैठका बंद पडल्यावर ‘पाचपैकी तीन’ मोजायचं कसं हा प्रश्न आला. आता २०२३ च्या आरएफसी ९३८९ प्रमाणे ऑनलाइन हजेरी चालते, आणि मागच्या तीन वर्षांत कार्यगटाचे अध्यक्ष किंवा सचिव असलेले, तसंच पाच वर्षांत दोन आरएफसी लिहिलेलेही नाव देऊ शकतात. यातून एक गोष्ट आपोआप झाली. सोडतीच्या पिशवीत प्रत्यक्ष काम केलेल्यांची नावं वाढली, त्यामुळे दहा जणांत विषय जाणणारा एखादा निघण्याची शक्यता थोडी वाढली.

पैशाची बाजू अजून तशीच आहे. २०१८ मध्ये आयईटीएफने कारभारासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. तिला पगारी कार्यकारी संचालक आहे, कर्मचारी आहेत. विभाग संचालकांचे तास मात्र आजही त्यांच्या मालकांच्या खिशातून येतात. त्यांना संस्थेनेच पगार द्यावा, असं म्हणणं सोपं आहे. पण मग मसुदा अडवणारा माणूस संस्थेचा नोकर होतो आणि त्याला काढता येतं. हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही, आणि मालकाच्या मर्जीवर चालणारी आजची स्वयंसेवाही पटत नाही.